खुले पत्र : वाचकांचा लक्ष्यांक ठरवण्याआधी

मा. शालेय शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा आमचा उपक्रम सगळ्या शाळांमध्ये नेणार, असं आपण जाहीर केलंत. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर पोटात गोळाही आला. चौघांनी सुरू केलेल्या या कामात आज इतके स्वयंसेवक आहेत की आम्हीच एकमेकांना ओळखत नाही. वाढताना काय काय निसटतं ते थोडं पाहिलंय, म्हणून हे पत्र.

दर गुरुवारी मी पाच मुलांसमोर बसते. चित्रं त्यांच्याकडे करून पुस्तक धरायचं, म्हणजे मला मान वाकडी करून कडेनं वाचावं लागतं. त्यात एखादा शब्द सुटतो. सुटला की दुसरीतली एक मुलगी पानावर बोट ठेवते. "इथं ‘अलगद’ होतं. तुम्ही खाल्लंत." तिला ती ओळ अजून वाचता येत नाही; ऐकून ऐकून पाठ झालीय. पहिले दोन महिने ही मुलगी माझ्याकडे पाठ करून बसायची. त्या बोटापर्यंत यायला तेच पुस्तक अकरा वेळा वाचावं लागलं.

‘अलगद’ माझ्या तरी रोजच्या बोलण्यात कितीदा येतो? इंग्रजीबाबत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं, की शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांपेक्षा लहान मुलांच्या पुस्तकांत कमी वापरातले शब्द जास्त भेटतात. नुसतं मुलांशी बोलून हे शब्द त्यांच्यापर्यंत जात नाहीत. कुणीतरी वाचावं लागतं, आणि पुन्हा वाचावं लागतं.

ते बोट मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मागे एका कार्यालयानं माहिती मागवली : लाभार्थी किती, पुस्तकं किती, छायाचित्रं जोडा. अकरा वेळा वाचलेल्या पुस्तकापुढे मी प्रामाणिकपणे १ लिहिला. शेरा आला, ‘प्रगती असमाधानकारक’. मग काहींनी तासाला तीन-तीन पुस्तकं उरकायला सुरुवात केली. एकानं तर सत्तर मुलं सभागृहात बसवून माइकवर गोष्ट वाचली. आकडा झकास आला, फोटोही. मागच्या रांगांना चित्रं दिसली का, हे विचारणारा रकाना नव्हता.

फ्रान्समध्ये १९९९ पासून पन्नाशी ओलांडलेले स्वयंसेवक शाळांत जाऊन वाचून दाखवतात. कार्यक्रम देशभर पसरला, तरी गट २ ते ६ मुलांचाच ठेवायचा ही त्यांची पद्धत. नेदरलँड्समध्ये २००६ साली उत्रेख्तला सुरू झालेल्या उपक्रमात स्वयंसेवक एकाच घरी २० आठवडे जातो, आणि त्यात आईवडिलांनाही वाचून दाखवायची सवय लावतो. म्हणजे वाढवायचे ते गट, गटातली डोकी नव्हेत.

आता पैशाचं. स्वयंसेवक फुकट मिळतो, पण त्याला सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. वेळापत्रक लावणं, वाचक आजारी पडला तर बदली पाठवणं, नव्या माणसाला शेजारी बसवून तयार करणं, हे पगारी समन्वयकाचं काम आहे. चारित्र्य पडताळणी तर हवीच, त्यात सवलत मागणार नाही. फक्त ती वेळेत व्हावी. आमच्याकडे नाव नोंदवलेल्या एका निवृत्त शिक्षिकेनं चार महिने कागदाची वाट पाहिली आणि मग नाद सोडला. मुलं तिच्या वाट्याची ठरलेली होती.

आणि कृपा करून गोष्टीनंतर प्रश्नपत्रिका लावू नका. ‘तात्पर्य सांगा’ म्हटलं की मुलं पुढच्या वेळी गोष्ट ऐकत नाहीत, तात्पर्य शोधत बसतात.

परिपत्रक निघायचंच असेल तर एवढं करा : ‘पुस्तकांची संख्या’ हा रकाना काढा. त्या जागी विचारा, ‘हाच वाचक याच गटाला किती आठवडे वाचतो आहे?’ येत्या गुरुवारी माझं उत्तर २६ असेल.

आपली नम्र,
एक स्वयंसेवक