बोअरिंगवाल्या मामांना, ८७ मिलिमीटरबद्दल

सोलापूर

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुमच्याकडे ट्रॅक्टरचे ब्लॉक आणि बोअरवेलच्या गाड्यांचे कंप्रेसर रांगेत असतात. त्या रांगेत तुम्ही पाचशे सीसी बुलेटचा सिलिंडर घेतलात, तोही नुसतं भोक मोठं करून द्यायला नव्हे. ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतीसाठी, इंजिन बांधणाऱ्या दुसऱ्या पोरांच्याही कामाचं आहे, म्हणून हे आभार उघड्यावर लिहितोय.

पहिले आभार नकाराचे. मागणी ९० मिलिमीटर बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची होती. मूळचा ८४ बोअर, ९० स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) म्हणजे ४९९ सीसी. ९० बोअरला ५७३. कागदावर झकास. पण बोअर ६ मिमीने वाढला की भिंत सगळीकडून ३ मिमीने जाते. पातळ भिंत तापली की गोल राहत नाही, पिस्टनभोवतीची रिंग भिंतीला नीट टेकत नाही, तेल वर चढतं. शिवाय सिलिंडर आणि हेडमधल्या गॅस्केटला धरायला काठच उरत नाही. तुम्ही ८७ वर थांबवलंत. ५३५ सीसी. रॉयल एनफिल्डच्या काँटिनेंटल जीटी ५३५ चं मापही हेच, ८७ बाय ९०. अमेरिकेतल्या शेवरले ४५४ बिग ब्लॉकचा एकेक सिलिंडर ९३० सीसीचा असतो असं कुणी म्हणालं, तर "तिथं लोखंडही तेवढंच असतं" एवढंच तुमचं उत्तर.

आरपीएम वाढवायचा हट्टही तुम्हीच मोडलात. ९० च्या स्ट्रोकला ५,५०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.५ मीटर होतो, ६,५०० वर १९.५. त्यात या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारा दांडा. स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह उडू लागला की टॅपेट ती फट तेलाने भरून टाकतो आणि व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग नाही, हा तुमचा नियम आता आमचाही. ८७ चा पिस्टन मोजला तर बरोबर ८७ कधीच नसतो, आणि तो कुठे मोजायचा हे पिस्टनबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन ४०३२ मिश्रधातूच्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, कारण त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतं; त्याला सिलिंडरच्या भिंतीपासून फट जास्त द्यावी लागते आणि गार असताना तो थोडा टकटक करणारच. ती टकटक ऐकून फट कमी करायला गेलं की पिस्टन जाम झालाच समजा. आणि मोजायचं सकाळी, पिस्टन आणि सिलिंडर रात्रभर एकाच टेबलावर ठेवून. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाट आणि दुपारमध्ये सहज पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. वीस अंशांत ८७ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन जवळपास ०.०४ मिमी वाढतो. एक माप सकाळचं आणि दुसरं दुपारचं घेतलं तर अर्धी फट मोजण्यातच हरवते.

सर्वात मोठं काम त्या दोन जाड लोखंडी प्लेटांचं. सिलिंडर लांब स्टडनी (बोल्टसारख्या दांड्यांनी) आवळला की बोअर किंचित वाकडा होतो. मोकळा असताना गोल केलेला बोअर आवळल्यावर गोल राहत नाही. म्हणून वर-खाली प्लेट लावून, हेड आवळताना देतात तेवढाच टॉर्क (पिळाचा जोर) देऊन, मग होनिंग, म्हणजे दगडाने बारीक घासणं. बोअरिंगला शेवटचे ०.०७ मिमी सोडले होते, कारण टूलने ओरबाडलेला थर होनिंगनेच निघतो. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी ४५ अंशांची. नंतर धुणं गरम पाणी आणि साबणाने. रॉकेलने धुतलं तर होनिंगची भुकटी रेघांमध्येच बसून राहते. पुसायला जुनं धोतर, पांढरं कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. टॉवेलांच्या गावात टॉवेलला मनाई, कारण त्याचे तंतू सुटतात!

वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट ०.४० मिमी, म्हणजे बोअरच्या साधारण साडेचार हजारांश. ती कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो.

बोअर वाढला की कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आपोआप वाढतं, हे बरेचजण विसरतात. ८.५ कॉम्प्रेशनच्या ४९९ सीसीत पिस्टन वर टेकल्यावर त्याच्या डोक्यावर साधारण ६६.५ सीसी जागा असते. तेवढीच राहिली तर ५३५ ला कॉम्प्रेशन ९ होतं. तुम्ही हिशोबावर न थांबता ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीने) तेल सोडून जागा मोजायला लावलीत, ते बरं झालं. आणि जुनं ८४ चं गॅस्केट बाजूला टाकलंत. त्याचा दीड मिमी काठ चेंबरमध्ये लोंबकळला असता, लाल झाला असता आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटलं असतं.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पाहायला पिस्टनच्या माथ्यावर क्ले (मऊ माती) लावून इंजिन हाताने दोन फेरे. ती कापून जाडी मोजायची: इनटेक व्हॉल्व्हला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. पण हायड्रॉलिक टॅपेट हातावर दबतो आणि अंतर जास्त दाखवतो. त्यासाठी तुम्ही एक टॅपेट आतून पक्का करून दिलात. ही गोष्ट कुणी सांगत नाही.

क्लच आणि चेनचं पुन्हा कधी.

"रस्त्यावर पळवणार असाल तर सिलिंडर उचला," ही तुमची अट पाळली जाईल. ड्रॅगचे ४०२ मीटर (पाव मैल) फक्त बंद ट्रॅकवर.

त्या दोन प्लेटा तुमच्याकडेच राहू द्या. पुढचा पोरगा ८४ चा सिलिंडर घेऊन आला तर प्लेटांचे वेगळे पैसे घेऊ नका. ते आम्ही दिलेत.

आपली,
बुलेटवाली पोरं