तक्ते नावावर जोडू नयेत

संपादक महोदय,

मराठवाड्यातील काही पतसंस्था, सेवा सोसायट्या आणि वाचनालये यांच्या नोंदी आजही कार्यालयातीलच एखाद्या हौशी कर्मचाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या प्रणालीत उभ्या केलेल्या डेटाबेसवर चालतात. सभासद, कर्ज आणि गावे यांचे वेगळे तक्ते त्यात असतात हे योग्यच. पण ते जोडण्यासाठी सभासदाचे किंवा गावाचे नाव ‘की’ म्हणून, म्हणजे नोंद ओळखण्याची खूण म्हणून, वापरले जाते, आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो.

२०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांच्या तक्त्यांत जिल्ह्याचा केवळ क्रमांक होता, त्यांना एका ओळीत नाव बदलून मोकळे होता आले. ज्यांनी नावच सर्वत्र नेले होते, त्यांची जुनी कर्जे एका नावाखाली आणि नवी दुसऱ्या नावाखाली विभागली जाणे अटळ होते. (मूळ तक्त्यात नाव बदलले की जोडलेल्या तक्त्यांतही ते आपोआप बदलणाऱ्या कॅस्केड अपडेटची सोय आहे खरी, पण ती आधीच सुरू करून ठेवणारे विरळा.) जिल्ह्याचे अक्षर गुंफलेला सभासद क्रमांकही तितकाच अडचणीचा, कारण जिल्हेसुद्धा बदलतात: १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला.

माणसांच्या नावांचे तर विचारूच नये. एका गावात एकाच नावाचे तिघे-चौघे सहज निघतात, आणि ‘पाटील’ व ‘पाटिल’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी आडनावे असतात. मोबाईल क्रमांक बदलतो, कित्येक घरांत तो सर्वांचा मिळून एकच असतो. आधार क्रमांक बदलत नसला, तरी इतकी खासगी माहिती प्रत्येक तक्त्यात उतरवून ठेवणे मला गैर वाटते. जमिनीचा गट क्रमांक त्या गावापुरताच वेगळा असतो. म्हणून गाव आणि गट या दोन्हींवर मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारे बंधन) लावावा, आणि दुवा मात्र स्वतंत्र क्रमांकावरच ठेवावा.

असा क्रमांक ॲक्सेसमधील ऑटोनंबर हा प्रकार प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप देतो. त्याला काही अर्थ नसतो, म्हणूनच तो बदलण्याची वेळ येत नाही. अर्धवट सोडलेल्या नोंदीमुळे मध्येच क्रमांक गळतात आणि लेखापरीक्षक विचारणा करतील, अशी सचिवांची शंका असते. त्यासाठी कागदोपत्री सभासद क्रमांक वेगळ्या फील्डमध्ये (रकान्यात) ठेवावा आणि ऑटोनंबर कोणाला दाखवूच नये. जोडल्या जाणाऱ्या तक्त्यातील फील्ड मात्र ऑटोनंबर नव्हे, तर नंबर प्रकारचे आणि लाँग इंटिजर (मोठी पूर्णांक संख्या) आकाराचे असावे; ते टेक्स्ट ठेवले, तर रेफरेन्शियल इंटिग्रिटी (मूळ तक्त्यात नसलेला क्रमांक न स्वीकारण्याचा नियम) लागू होत नाही आणि नसलेल्या सभासदाच्या नावे कर्जाची नोंद होऊ शकते.

नावांवर जोडलेला डेटाबेस सुधारण्यासाठी आधी त्याची प्रत काढावी, कर्जाच्या तक्त्यात क्रमांकाचे नवे फील्ड घालून ते अपडेट क्वेरीने, म्हणजे अनेक नोंदी एकदम बदलणाऱ्या आज्ञेने, भरावे, एकाच नावाच्या सभासदांच्या नोंदी मूळ अर्जांवरून हाताने तपासाव्यात, आणि एकही ओळ रिकामी उरली नसल्याची खात्री झाल्यावरच नावाचे जुने फील्ड काढून टाकावे.

आपला,
एक वाचक, लातूर