तापाची नोंद अहवालाआधी घ्या : नागपूर महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका

सादर नमस्कार.

पूर्व नागपुरातील एका वस्तीत मी २२ वर्षांपासून छोटा दवाखाना चालवतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी एकाच गल्लीतले सात जण पाच दिवसांत चढा ताप, अंगदुखी आणि डोळ्यांमागे ठणका अशी लक्षणे घेऊन आले. चौघांना तपासणीचा खर्च झेपणारा नव्हता. उरलेल्यांचे अहवाल येईपर्यंत मी कोणालाही कळवले नाही, आणि ती चूक माझीच होती, कारण तोवर शेजारच्या दोन गल्ल्यांत ताप शिरला होता.

डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास दुसऱ्याला रोग देण्याजोगा व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. पहिल्या रुग्णांच्या तापाची खबर त्याच दिवशी लागली, तर त्या गल्लीतील घराघरांत जाऊन पाण्याची भांडी रिकामी करायला आणि पावसाळा लागला तरी न उपसलेल्या कूलरच्या टाक्या कोरड्या करायला (नागपुरात हे दुखणे घरोघरी आहे) आपल्या हाती जेमतेम आठवडा असतो. नमुना, प्रयोगशाळा, अहवाल या वाटेवर तोच आठवडा खर्च होतो.

लक्षणांवरून नोंद घेण्याची पद्धत आपल्या देशात नवी नाही. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात उपकेंद्रातील आरोग्यसेविका ताप, जुलाब, खोकला अशा लक्षणांची नोंद निदानाची वाट न पाहता करते, आणि २०२१ पासून ही माहिती देशभर संगणकावर भरली जाते. शहरात मात्र तापाचा रुग्ण बहुधा आधी घराजवळच्या खासगी दवाखान्यात किंवा थेट औषधाच्या दुकानात जातो, आणि आमच्या वहीतला आकडा वहीतच राहतो.

चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूर परिसरातच सापडला. त्यात लहान मुलांना ताप आणि झटके येऊन एक-दोन दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो, म्हणजे अहवाल येण्याआधीच. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने (झुडपा-गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाने) बळी घेतले, तेव्हा डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध उपलब्ध होते, पण हा आजार मनात आल्याशिवाय त्याची तपासणी कोण सांगणार? अशा वेळी ‘या भागात नेहमीपेक्षा जास्त ताप आहे’ एवढी सूचनाही डॉक्टरला सावध करते.

माझी विनंती अशी की, दहाही झोनमधील इच्छुक डॉक्टरांकडून रोज संध्याकाळी मोबाइलवर फक्त चार आकडे घ्यावेत : ताप, तापासह पुरळ, तापासह झटके आणि जुलाब-उलट्या. सोबत मोहल्ल्याचे नाव असावे. रुग्णाचे नाव किंवा फोन नंबर मागू नये. त्या मोहल्ल्यातील नेहमीच्या प्रमाणाशी हे आकडे ताडून पाहावेत. संख्या अचानक वाढली की साथ जाहीर न करता आधी पथक पाठवावे आणि काही नमुने मनपाच्या खर्चाने तपासावेत. तपासणीची ही जोड सुटली की काय होते, हे गूगलच्या फ्लू-अंदाजाने दाखवले आहे : लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून बांधलेला तो अंदाज २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ते काम थांबले. काही इशारे खोटे ठरतील हे मी मान्य करतो, तरी एखादी फेरी वाया जाणे मला परवडणारे वाटते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. आकडे पाठवणाऱ्या डॉक्टरला ‘तुमच्याकडेच इतके रुग्ण कसे’ असा जाब विचारला जाऊ नये, आणि त्याच्या भागाचे चित्र दर आठवड्याला त्याला परत मिळावे. नाहीतर महिनाभरात सगळे आकडे पाठवणे सोडतील.

प्रत्येक झोनमध्ये हे आकडे रोज पाहणारा एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचा क्रमांक आम्हाला कळवावा. तो मिळाला की त्याच संध्याकाळपासून मी माझ्या दवाखान्याचे आकडे पाठवीन.

आपला नम्र,
पूर्व नागपुरातील एक डॉक्टर