बर्फाने नुकती सोडलेली जमीन रिकामी नसते

महोदय,

जून लागला की पुण्यातून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांची धांदल सुरू होते. बूट कोणते घ्यावेत, विरळ हवेचा त्रास कसा टाळावा, यावर भरपूर छापून येते. तंबू कुठे ठोकू नये, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथून पुढे मोठी झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वर, खळग्यांत आणि उत्तरेकडच्या उतारांच्या पायथ्याशी बर्फ सर्वांत शेवटी वितळतो. तिथली ओली, तपकिरी जमीन सपाट असते, पाणी हाताशी असते आणि गवत जवळजवळ नसतेच. मग तंबूही तिथेच लागतात. पण गुडघे टेकून पाहिले, तर बोटभर उंचीची झाडे दिसतील. त्यांच्यासाठी हे पत्र.

या खळग्यांत वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ साठतो आणि वर्षाचे आठ-दहा महिने टिकतो. वर हवा उणे वीस अंशांवर गेली, तरी जाड थराखालची जमीन शून्याच्या आसपास राहते. बर्फाची ही गोधडी झाडांना जगवते, पण पालवी, फूल आणि बी उरकायला उरतात जेमतेम एक ते तीन महिने. म्हणून इथल्या अनेक वनस्पती पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात. आल्प्समधले सोल्डानेला तर बर्फाचा पातळ पापुद्रा भेदून फुलते. अशा ठिकाणी एका रात्रीपुरता तंबू लावला, तरी पुढच्या वर्षीची फुलेही चिरडली जातात. खळग्याच्या मध्यभागी, जिथे बर्फ सर्वांत उशिरा जातो, तिथे फुलझाडांना तेवढाही वेळ मिळत नाही. तिथला काळसर, मऊ थर म्हणजे मुख्यतः शेवाळ.

खडक कोणता, यावरही बरेच ठरते. हे आल्प्समध्ये सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले आहे. ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी खडकावर सॅलिक्स हर्बेशिया वाढते. ही आपल्याकडच्या नदीकाठच्या वाळुंजाची भाऊबंद, पण खोड जमिनीत आणि वर दोन-चार पाने, एवढाच तिचा पसारा. चुनखडीवर तिची जागा जाळीदार पानांची सॅलिक्स रेटिक्युलाटा आणि सॅलिक्स रेटुसा घेतात. सोबत फिकट निळ्या फुलांची अरॅबिस सेरुलिया आणि पांढऱ्या फुलांचा रॅनन्क्युलस अल्पेस्ट्रिस. चुनखडीच्या भेगांतून पाणी लवकर निघून जाते, आणि चुन्यामुळे लोह व फॉस्फरस मुळांना सहज मिळत नाहीत. ज्यांना हे सोसते, त्याच जाती इथे टिकतात. त्यातही एक गंमत आहे. वितळणारे पाणी वरच्या मातीतला चुना वर्षानुवर्षे धुऊन नेते, कुजलेल्या पानांचा थर साठतो, आणि खाली चुनखडी असूनही वरचे काही सेंटिमीटर आम्लधर्मी होतात. तिथे मग सॅलिक्स हर्बेशियाही येते. हा पातळ थर बुटांनी निघाला, की खालची खडी उघडी पडते आणि पाणी त्याच वाटेने माती वाहून नेते.

स्पिती आणि झंस्करमध्ये टेथिस या हिमालयापूर्वीच्या प्राचीन समुद्रात तयार झालेली चुनखडी भरपूर आहे. बेसाल्टवर वाढलेल्या पुणेकरांच्या नजरेला ती चटकन ओळखू येत नाही. वाटेवरचा सुटा दगड चाकूने खरवडून भुकटीवर लिंबाच्या रसाचे तीन-चार थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त चुनखडीसारखा खडक, असेल तर बुडबुडे मंद येतात, म्हणून भुकटी बारीक हवी. झाडे लागलेल्या दगडावर हा प्रयोग करू नये. हिमालयात बर्फाच्या कडेला चकचकीत पिवळे ऑक्सिग्राफिस, प्रिम्युला किंवा जमिनीलगत सरपटणारी विलो (म्हणजे सॅलिक्स) दिसली, की आपण अशाच खळग्यात आहोत असे समजावे.

तंबू कोरड्या खडीवर किंवा आधीपासून वापरात असलेल्या जागीच लावावा, प्रवाहापासून निदान साठ मीटर दूर. भोवती चर खणू नये. खेचरे या ओल्या पट्ट्यात बांधू नयेत; त्यांचे खूर बुटांपेक्षा खोल रुततात. चालताना खरा घोळ होतो तो बर्फाच्या कडेला. बर्फावर घसरायला नको म्हणून सगळे कडेच्या चिखलातून जातात आणि पाऊलवाट पाहता पाहता चार-पाच माणसे शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद होते. गाइडने बर्फ घट्ट असल्याचे सांगितले, तर बर्फावरून जावे. मात्र दगडांलगत आणि ओढ्यांवर बर्फ आतून पोकळ असतो. तिथे दगडांवर पाय देत जावे. चिखल टाळताच येत नसेल, तर एकामागोमाग एक, मळलेल्या वाटेनेच.

बर्फ लवकर वितळला तर झाडांना जास्त दिवस मिळतील, असे अनेकांना वाटते. दिवस वाढतात, पण त्याचा फायदा होतोच असे नाही. गोधडी लवकर निघाली, की कोवळे कोंब उशिराच्या कडाक्यात करपतात. शिवाय भोवतालची उंच गवते आत शिरून या बुटक्या झाडांचा उजेड अडवतात. आल्प्समध्ये हे होताना नोंदले गेले आहे. हवामान बदलाचा हा तडाखा आपल्याला एका ट्रेकमध्ये थांबवता येणार नाही, पण त्यात तंबूचे खुंटे भरीला नकोत.

पुण्यातल्या ट्रेक आयोजकांना विनंती, की सामानाच्या यादीसोबत तळाची जागा कशी निवडणार हेही लिहून द्यावे. आणि पैसे भरण्याआधी, जुलैत बर्फ उशिरा हटला तर तंबू कुठे हलवणार, हे ट्रेकर्सनी त्यांना जरूर विचारावे.

– वनस्पतिशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे