दादाला स्वतःबद्दल किती कळतं, हे मोजणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दादाची फाइल लावताना तुमचे कागद पुन्हा वाचले आणि वाटलं, एवढ्या कामाचे आभार आपण जाता जाता दारात मानले, ते काही खरं नाही. हे पत्र मुद्दाम उघड लिहितेय. ज्यांच्या घरात मेंदूला मार बसलेलं माणूस आहे आणि ते माणूस "मला काहीही झालेलं नाही" म्हणतंय, त्यांच्याही हाती ते पडावं.

तुमच्याकडे येईपर्यंत घरात दोन पक्ष होते. आई म्हणायची, आम्हाला घोर लागू नये म्हणून तो लपवतोय. वहिनी म्हणायची, हट्टी तर तो आधीपासूनच होता. पायाचं विचारलं की दादा स्वतःहून सांगायचा, डावा पाय ओढतो, जिना जड जातो. पण विसरण्याचा, भलत्या वेळी भडकण्याचा, हातातलं काम अर्धवट टाकण्याचा विषय काढला की, "कोण म्हणतं?" तुम्ही शांतपणे सांगितलंत की हे पुष्कळांच्या बाबतीत असंच असतं. शरीरातली उणीव लवकर पटते, विचारातली आणि वागण्यातली पटत नाही, कारण स्वतःवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच दुखावलेली असते. अर्धांगवायू झालेले आणि तरी ते साफ नाकारणारे रुग्ण बाबिन्स्की या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये १९१४ सालीच नोंदवले होते, हे ऐकून वहिनीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. शंभर वर्षांपूर्वीपासून डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे म्हटल्यावर नवऱ्यावर रागवायचं तरी किती!

मग तुम्ही ती सतरा प्रश्नांची प्रश्नावली काढलीत. अपघाताआधीच्या तुलनेत आता कसं जमतं, एक ते पाच: एक म्हणजे खूपच वाईट, तीन म्हणजे पूर्वीसारखंच, पाच म्हणजे खूपच चांगलं. दादाने सरळ तीन-तीन-तीन करत खाली उतरत नेलं, म्हणजे बेरीज ५१च्या जवळ. तेच प्रश्न नातेवाइकांना, तेच तुम्हाला, आणि त्याच्या आणि आमच्या आकड्यांत जेवढं अंतर, तेवढं त्याचं भान कमी. ऐकायला सोपं वाटतं. पण तुम्ही मला आणि वहिनीला वेगवेगळं बसवलंत, आणि आमच्या दोघींच्या बेरजाही जुळल्या नाहीत. रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहून थकलेल्या बायकोचे आकडे आणि अधूनमधून येणाऱ्या बहिणीचे आकडे एकसारखे कसे असतील? घरच्यांचं उत्तर म्हणजे प्रमाण वजन नव्हे, त्यातही दमणूक, आशा आणि भीती मिसळलेली असते, हे तुम्ही अहवालात लिहिलंत. माझ्या मते त्या अहवालातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते.

मुलाखतीचा भाग वेगळा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६मध्ये मांडलेली पद्धत, असं तुम्ही सांगितलं होतंत. अपघातानंतर तुमच्यात काय बदललं, त्याने रोजच्या जगण्यात काय अडतं, आणि सहा महिन्यांनी स्वतःला कुठे बघता. प्रत्येक भागाला शून्य ते तीन गुण. (गुण जास्त म्हणजे भान कमी, हे आईला कळेपर्यंत ती "नऊपैकी बरेच मिळाले की!" म्हणून खूश होती.) पहिल्या प्रश्नाला दादाने चक्क बरोबर उत्तर दिलं: "स्मरणशक्ती थोडी कमी झालीय." आम्ही चाटच पडलो. तिसऱ्याला म्हणाला, "सहा महिने कशाला? सोमवारपासून ऑफिसला जातोय." पहिलं वाक्य त्याने डॉक्टरांकडून ऐकून पाठ केलं होतं, ते त्याच्या सोमवारपर्यंत पोचलेलं नव्हतं. एकच प्रश्न विचारून थांबला असतात, तर त्याला सगळं कळतं असाच निकाल लागला असता.

आणि ते कागदांचं काम. टेबलावर बिलांचा गठ्ठा, तारखेनुसार लावायचा, थकलेली वेगळी काढायची, बेरीज करायची आणि मध्येच ठरलेल्या वेळी एक फोन करायचा. सुरू करण्याआधी तुम्ही विचारलंत, किती वेळ लागेल, कुठे अडेल असं वाटतं? "पाच मिनिटं. अडायचं काय त्यात?" फोन राहिला. दोन थकलेली बिलं भरलेल्यांत गेली. माझे हात शिवशिवत होते, पण तुम्ही मला नजरेनेच गप्प बसवलंत. संपल्यावर तुम्ही चूक दाखवली नाहीत, "एकदा नजर टाकता?" एवढंच म्हणालात. एक बिल त्याने स्वतः पकडलं. दुसरं, तुम्ही त्या ढिगाकडे बोट केल्यावर. फोनवर मात्र वाद घातला, तुम्ही सांगितलंच नव्हतं म्हणाला. आपसूक पकडलेली, इशाऱ्याने पकडलेली आणि न पटलेली अशा तीन रकान्यांत तुमच्या खुणा पडत होत्या. बोलताना असलेलं भान आणि काम करताना असलेलं भान वेगवेगळं मोजावं लागतं, हे मला त्या रकान्यांनी शिकवलं.

पुढचे आभार जरा अवघड गोष्टीचे. काही महिन्यांनी दादा एका संध्याकाळी म्हणाला, "हिशोब माझ्याच्याने जुळत नाही गं." आम्ही आनंदाने तुम्हाला फोन केला. तुम्ही अभिनंदन केलंत आणि लगेच विचारलंत, झोप कशी आहे, जेवतो का, एकटा बसतो का? भान वाढलं की मन खचू शकतं, म्हणून प्रत्येक तपासणीत तुम्ही मनःस्थितीचीही नोंद ठेवत होतात. तो खरोखरच गप्प गप्प झाला होता. आमच्या आनंदात ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही उणिवा दाखवण्याचा वेग कमी केलात आणि त्याला जमणारी कामं आधी ठेवलीत. सगळं एकदम तोंडावर सांगून टाका, असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला होता. तुम्ही तो मार्ग धरला नाहीत, याचं मोल आम्हाला ठाऊक आहे.

आता दादा कामाआधी स्वतःच अंदाज लिहितो आणि नंतर शेजारी खरं काय झालं ते लिहितो. अंदाज अजून चुकतात, बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने. पण वही तो स्वतः मागून घेतो.

हे पत्र पाठवण्याआधी त्याला वाचायला दिलं. दोन गोष्टींवर त्याची हरकत आहे: फोनचं तुम्ही खरंच सांगितलं नव्हतं, आणि तो हट्टी कधीच नव्हता. दोन्ही त्याच्या सांगण्यावरून इथे नोंदवत आहे.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची बहीण