‘लाइव्ह अ‍ॅट पॉम्पेई’ : आधी वाजवणाऱ्यांचे हात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘लाइव्ह अ‍ॅट पॉम्पेई’ या चित्रपटावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्राने या चित्रपटाला अर्धे पान दिले, याचा मनापासून आनंद झाला. पण लेखात दोन चुका आहेत आणि एक मत असे आहे, की त्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी चुका. सोबतच्या छायाचित्रात भल्यामोठ्या गाँगवर (टांगलेल्या धातूच्या थाळीवर) घाव घालणारा माणूस गिटारवादक डेव्हिड गिल्मोर नाही, तो बेस गिटार वाजवणारा रॉजर वॉटर्स आहे. दुसरे असे, की लेखात सगळा चित्रपट इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत चित्रित झाल्याचे म्हटले आहे. तिथे ऑक्टोबर 1971 मध्ये प्रत्यक्ष वाजवली गेली ती तीनच गाणी : ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’. बाकीची नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाली. ओळखायची खूण सोपी आहे. पॉम्पेईत कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांना दाढी आहे, पॅरिसमध्ये नाही.

आता मताबद्दल. लेखक म्हणतात, समोर एकही श्रोता नसल्यामुळे या चित्रपटात मैफलीचा जीव नाही, नुसता देखावा आहे. मी आयुष्यभर वाद्यवृंदात ड्रम वाजवले. गणेशोत्सवाचे मांडव, लग्नाचे स्वागत समारंभ, कामगार मैदाने, सगळीकडे वाजवले. समोरची गर्दी वाजवणाऱ्याला काय देते ते मला चांगले ठाऊक आहे. ‘वन्स मोअर’ आला की दुखरे मनगटसुद्धा चालायला लागते. तरीही सांगतो, हा चित्रपट श्रोत्यांवाचून अपुरा नाही. तो मुद्दाम तसा केलेला आहे, आणि म्हणूनच त्यात जे दिसते ते दुसऱ्या कुठल्या मैफलीच्या चित्रपटात मला इतके स्पष्ट दिसलेले नाही.

त्या काळाचा विचार करा. 1970 साली अमेरिकेतल्या संगीत महोत्सवावरचा ‘वुडस्टॉक’ हा चित्रपट आला. त्यात चिखलात नाचणारी, पावसात भिजणारी लाखोंची गर्दी हाच अर्धा चित्रपट होता. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडवरचा ‘गिमी शेल्टर’ आला. त्यात तर आल्टामाँटच्या कार्यक्रमातल्या गर्दीत झालेला खूनच कॅमेऱ्यात पकडला गेला आहे. दिग्दर्शक एड्रियन मेबन यांना याच्या नेमके उलट हवे होते : संगीत आणि जागा, बस्स. इटलीत फिरताना त्यांचा पासपोर्ट हरवला. तो शोधायला ते संध्याकाळी पॉम्पेईच्या रंगमंडलात परत आले. पर्यटक निघून गेले होते, सगळीकडे शांतता होती, आणि तिथेच त्यांना वाटले की हीच जागा. इसवी सनापूर्वी सुमारे 70 साली बांधलेले ते गोल रंगमंडल, ज्याच्या पायऱ्यांवर कधीकाळी हजारो माणसे बसत. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि शहर राखेखाली गेले. अशा ठिकाणी रिकाम्या पायऱ्या काय बोलतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे भाड्याने माणसे आणून बसवली असती तरच ते खोटे वाटले असते.

आणि देखावा म्हणावा, तर बँडने तोंडदेखले वाजवायला साफ नकार दिला होता. रेकॉर्ड लावायची आणि वर नुसते ओठ हलवायचे, तारा छेडल्यासारखे करायचे, ही पद्धत तेव्हाच्या टीव्हीवर सर्रास होती. फ्लॉइडने सगळे सामान लंडनहून ट्रकने आणले. नेपल्स विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी अधिकाऱ्यांचे मन वळवले, तेव्हा कुठे थोडे दिवस जागा मिळाली. त्यातलेही काही दिवस विजेअभावी वाया गेले. अवशेषांत पुरेशी वीजच नव्हती, शेवटी गावातून लांबलचक केबल ओढत आणावी लागली. आमच्यापैकी ज्याने ज्याने गावोगावच्या मैदानांत कार्यक्रम केले आहेत, त्याला हे वाचून त्या लोकांबद्दल जवळीक वाटल्याशिवाय राहणार नाही. वीज आली, तेव्हा जे वाजवले ते खरेखुरे, त्याच उन्हात, त्याच धुळीत. ‘एकोज’ ज्या ‘मेडल’ अल्बममध्ये आहे, तो तेव्हा बाजारातही आलेला नव्हता.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. दूरवरून, उंचावरून कॅमेरा अतिशय सावकाश रंगमंडलात उतरत येतो. चार माणसे आणि त्यांच्या मागे खोक्यांची रांग, एवढेच हळूहळू मोठे होत जाते. राइट यांचा तो एकच टपोरा सूर पुन:पुन्हा पडत असतो. पियानोचा तो सूर फिरत्या स्पीकरमधून काढलेला आहे, म्हणून तो पाण्यात पडलेल्या थेंबासारखा पसरतो. मग राइट आणि गिल्मोर दोघे मिळून गातात. दोघांपैकी एकही मोठ्या आवाजाचा गायक नाही, पण दोन आवाज इतके एकजीव होतात की कुठला कोणाचा ते सांगता येऊ नये. पुढे कॅमेरा सामानाच्या मागून सरकतो. खोक्यांवर ‘पिंक फ्लॉइड, लंडन’ असे छापलेले दिसते. वायरी, अ‍ॅम्प्लिफायर, घामेजलेल्या पाठी, सगळे उघडे. काही लपवायचे नाही, काही सजवायचे नाही.

पण मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते ‘वन ऑफ दीज डेज’बद्दल. लेखात त्यावर एक ओळ आहे : ‘या गाण्यात कॅमेरा विनाकारण ड्रमरवरच रेंगाळतो.’ त्याला कारण आहे. या गाण्याच्या चित्रीकरणाची बाकीची रिळे हरवली, हाती उरले ते मुख्यतः ड्रमवादक निक मेसन यांचे चित्रण, आणि मेबन यांनी त्यावरच गाणे उभे केले. माझ्यासारख्यासाठी ही केवढी मोठी देणगी आहे! रॉक संगीताच्या चित्रपटात ड्रमवादक म्हणजे मागे कुठेतरी हलणारे केस. इथे गाणे जवळजवळ सगळे त्याचेच आहे. दोन किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, सेट. बेस गिटारचा तो घुमणारा, प्रतिध्वनीतून दुप्पट झालेला ठोका सुरू होतो. मेसन आधी थांबून आहेत, जागा सोडून वाजवतात, आणि मग जेव्हा खरा हात सुटतो तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत सगळे दिसते. मध्येच त्यांच्या हातून स्टिक निसटते. एका हाताने ठेका चालूच राहतो, दुसरा हात नवी स्टिक उचलतो आणि जिथे पोचायचे तिथे वेळेवर पोचतो. लय तसूभर हलत नाही. हा तुकडा मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो. हुकल्यावर थांबायचे नाही, हे तोंडाने कितीही सांगा. त्या हाताकडे एकदा पाहिले की ते कायमचे समजते.

‘सॉसरफुल’मध्येही तेच. राइट तळव्यांनी पियानोवर आघात करतात, गिल्मोर जमिनीवर बसून गिटारमधून चिरकणारे, घासणारे आवाज काढतात, मेसन एकच आवर्तन न थकता फिरवत राहतात आणि वॉटर्स गाँगकडे धावतात. ऐकताना हा गोंगाट वाटतो असे म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. बघताना तो गोंगाट राहत नाही, कारण कुठला आवाज कुठल्या हातातून निघाला ते कळते. मग शेवटी ऑर्गनवर ती स्वरमालिका येते तेव्हा आधीची सगळी धडपड त्या सुरांकडेच चालली होती हे ध्यानात येते.

उणिवा आहेतच. पॅरिसच्या भागात मागे पडद्यावर चित्रे दाखवली आहेत, ती मला उपरी वाटतात. कुत्र्याला माइकसमोर बसवून ओरडायला लावलेले ‘मादमोआझेल नॉब्स’ नसते तर काही बिघडले नसते. मात्र आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्या मित्राला नेमके तेच आवडते, माउथऑर्गन म्हणे किती झकास वाजवला आहे.

चाहत्यांची खरी भांडणे असतात ती कुठली प्रत खरी यावरून, आणि लेखात याचा उल्लेखच नाही. 1972 मध्ये एडिंबरा महोत्सवात दाखवला गेला तो चित्रपट सुमारे तासाभराचा, नुसत्या वादनाचा. 1974 च्या प्रतीत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतली दृश्ये जोडली : ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या त्यांच्या अल्बमचे काम चालू आहे, उपाहारगृहात चौघे जेवत-बोलत बसले आहेत. आमच्या कीबोर्डवाल्या मित्राचे म्हणणे, हाच भाग सोन्याचा. जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक घडताना बघायला मिळतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण पॉम्पेईच्या उन्हातून एकदम जेवणाच्या टेबलावर आले की माझी तंद्री मोडते, म्हणून मी तासाभराच्या प्रतीच्या बाजूचा. 2003 मध्ये दिग्दर्शकाने नव्याने जुळवलेली डीव्हीडी आली. तिच्यात संगणकाने केलेले ग्रह आणि अंतराळ घुसडले आहे. मेबन यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ते करायला नको होते. वाजवणाऱ्याच्या हातावरून नजर काढून आपल्याला बनावट ग्रहावर का न्यावे?

एप्रिल 2025 मध्ये जगभर मोठ्या पडद्यावर आलेली प्रत मूळ 35 मि.मी. निगेटिव्हवरून केलेली आहे. हे निगेटिव्ह बँडच्याच संग्रहात, भलतीच नावे लिहिलेल्या पाच डब्यांत सापडले. एकेक चौकट साफ केली गेली आणि संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी ध्वनीचे नवे मिश्रण केले. यावरही दोन तट आहेत. जुनी व्हीएचएस कॅसेट झिजवलेल्यांना हे फारच चकाचक वाटते. मला तसे वाटत नाही. एका विद्यार्थ्याने ब्लू-रे आणली, तेव्हा किक ड्रमचा आवाज पहिल्यांदा बेसपासून सुटा ऐकू आला. स्नेअर ड्रमवरचे हलके ठोके, जे आधी नुसते अंदाजाने ओळखायचे, ते आता मोजता येतात. रिचर्ड राइट 2008 मध्ये गेले. त्यांचा ऑर्गन आता असा उजळून ऐकू येतो, त्याचे मोल पैशात नाही.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना. जवळजवळ याच नावाचा गिल्मोर यांचा दुसरा चित्रपटही आहे. जुलै 2016 मध्ये ते एकटे आपला संच घेऊन त्याच रंगमंडलात परत गेले. तेव्हा समोर श्रोते होते, रोषणाई होती. 1971 च्या गाण्यांपैकी त्यांनी तिथे एकच पुन्हा वाजवले, ‘वन ऑफ दीज डेज’. ‘एकोज’ राइट यांच्याशिवाय त्यांनी वाजवले नाही. तो कार्यक्रमही चांगला आहे, पण लेख वाचून कोणी दुकानात गेला तर दोन्हींत गल्लत व्हायला नको.

हे सगळे एवढे पोटतिडकीने लिहिण्याचे कारण आपल्या घरातल्या टीव्हीवर आहे. गाण्याच्या स्पर्धांत ढोलकीचा तुकडा सुरू झाला, की त्याच क्षणी कॅमेरा परीक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जातो. शास्त्रीय मैफलीच्या चित्रणात तबलजीचा उठाण येतो तेव्हा पडद्यावर पहिल्या रांगेतले पाहुणे असतात. बासरीवादकाची बोटे दिसत नाहीत, संवादिनीवाल्याचा भाता दिसत नाही. ज्याने ती कला वर्षानुवर्षे घासून मिळवली, त्याचा तो क्षण कायमचा हरवतो. असे चित्रण करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की पॉम्पेईतला तो एक तास एकदा बघा. महागडा कॅमेरा लागत नाही. वाजवणाऱ्यावर विश्वास ठेवून जरा वेळ एका जागी थांबावे लागते.

आपल्या लेखकांनाही आग्रहाचे सांगणे आहे. मोबाइलवर पाहिला असेल, तर पुन्हा बघा. बरे स्पीकर किंवा हेडफोन लावून, आणि आधी फक्त ‘वन ऑफ दीज डेज’. डोंबिवलीत येणार असाल तर माझ्या क्लासच्या खोलीत मोठा पडदा आहे, शनिवारी संध्याकाळी मुलांबरोबर बसून बघू. आणि छायाचित्राखालचे नाव पुढच्या अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
एक ड्रमवादक व वाचक, डोंबिवली (पूर्व)