किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसांचे आभार

ऑस्ट्रेलियाचा किनारा महिनोन्‌महिने गाडीने फिरताना ज्यांनी मदत केली, त्यातल्या बहुतेकांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी वाळूत गाडी चालवायला शिकवणाऱ्यांचे. क्वीन्सलँडमधल्या के'गारी बेटाच्या (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) मऊ वाळूत टायरची हवा १८ ते २० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं एकक) आणायची. टायर पसरतो, वजन विभागतं आणि चाक रुतत नाही. रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये, चाक आणखी खोल जातं. चाकाभोवतीची वाळू फावड्याने उपसा, आपल्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी नको. डांबरी रस्त्याला लागताच हवा परत भरा. कमी हवेवर वेगात गेलं की टायरची बाजू तापून फाटते. हे सांगता सांगता स्वतःचा कॉम्प्रेसर काढून देणारे तुम्ही, फार मोठ्या मनाचे!

पोहण्याची सुरक्षित जागा दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्यांपाशी उभ्या स्वयंसेवक जीवरक्षकांचेही मनापासून आभार. लाटा फुटत नाहीत तो गडद, शांत दिसणारा पट्टाच आत ओढतो, हे त्यांनी बोट दाखवून समजावलं. उत्तर क्वीन्सलँडमध्ये बॉक्स जेलीफिश हा अतिविषारी समुद्री जीव डसला तर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओतायचं, गोडं पाणी अजिबात नाही, आणि लगेच ००० या आपत्कालीन नंबरला फोन.

नलारबोरच्या ओसाड मैदानावरून पश्चिमेकडे जाताना वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या सीमेवरच्या तपासणीत ताजी फळं, भाज्या, मध काढून घेतात, ते आदल्या मुक्कामीच संपवा, असं सांगणाऱ्या रोडहाउसवाल्या (हायवेवरचा पेट्रोल-जेवणाचा थांबा) ताईंनाही धन्यवाद.